उकिरड्यावर ठेवलेलं लेकरू

२ नोव्हेंबर २००८, रविवार

ही डायरी मला जानेवारीतच मिळाली होती. गोंदियात एका बियाण्याच्या दुकानात काही महिने पोती उचलली, त्या शेठने दिली. पहिल्या पानावर नाव लिहिलं, लोकेंद्र, मुक्काम फुलचूर, आणि ठेवून दिली. आज लिहू, उद्या लिहू करता करता दहा महिने कोरे गेले. त्या दहा महिन्यांत घरी मोजकेच दिवस टेकलो, बाकी रायपूरच्या ट्रकवर क्लीनर होतो, मग राजनांदगावजवळ एका ढाब्यावर, मग परत ट्रकवर. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी लिहायला बसलो की बाहेर काहीतरी वाजतं आणि मी उठून पाहायला जातो. नववीचा पेपरही तसाच अर्धा राहिला, शाळेमागून हत्ती चालला होता म्हणून. खोटं नाही, खरोखरचा हत्ती. असो.

आज बसलो, कारण आज घरी आलो. घर म्हणजे सासरघर. सालेकशाला गाडीतून उतरलो आणि पायी दीड तास, दोन्हीकडे पिकलेल्या धानाच्या बांध्या, वाऱ्यावर नुसता सळसळ आवाज. ओमेश्वरी अंगणातच उभी होती. पोट एवढं पुढे आलेलं की आधी पोट दिसलं, मग ती. म्हणाली, आले का जी, मले वाटलं आता पोट्टं शाळेत गेल्यावरच याल. सासूबाईंनी, म्हणजे दुलारीबाईंनी, पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्याशी न बोलता कुत्र्याशी बोलल्या. म्हणाल्या, पाह्य रे शेरू, तू बिनलग्नाचा पण रोज घरी येतं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत, पण जेवताना ताटात भाताचा डोंगर वाढला.

गेल्या वर्षी मी थ्रेशरच्या मशीनसोबत या गावात आलो होतो. धान चुरायला आला आणि जवाई होऊन राहिला, असं शेजारचे यादोराव सगळ्यांना सांगतात. ओमेश्वरीचं हे दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्यापासून तिला दोन मुलगे झाले, दोन्ही बाळंतपणं इथेच, माहेरी. दोघेही सहा दिवसांच्या आत गेले. घरामागच्या वाडीत, उकिरड्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली दोघांना पुरलं आहे. दुसरा गेल्यावर त्या माणसाने तिला इथे आणून सोडलं ते सोडलंच.

मी तिला आज सांगितलं, आता कुठे जात नाही. ती हो म्हणाली. सुटे पैसे नसलेल्या कंडक्टरला आपण हो म्हणतो, तसं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुलगा झाला! सकाळी सव्वानऊला, सरकारी दवाखान्यात. अडीच किलो. नर्सबाईंनी कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला तेव्हा मी विचारलं, किती वेळ धरायचं? त्या म्हणाल्या, आता वीस वर्षं धरा.

मी ट्रकची चाकं बदलली आहेत, शंभर किलोची पोती उचलली आहेत. पण असं हातात काही धरलं नव्हतं. मान कुठेही पडते. डोळे उघडतो पण कुठे बघतो कळत नाही. बोट दिलं की गच्च धरतो. मी घाबरून नर्सबाईंना सांगितलं की सोडत नाही. त्या म्हणाल्या, सगळेच धरतात, नवीन बापच घाबरतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

घरी आणलं. आता मला पुष्कळ येतं. लंगोट तिकोनी घडी करून बांधायचा. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची, ढेकर आला की झोपवायचं. नाळेच्या देठाला तेल लावायचं नाही, पावडर लावायची नाही, वाळून आपोआप पडतो, आठ-दहा दिवस लागतात. पाणी नाही, मध नाही, फक्त आईचं दूध. हे सगळं नर्सबाईंनी सांगितलं आणि दुलारीबाईंनी त्यातलं निम्मं खोडलं.

रडतो फार. एवढ्याशा अंगातून एवढा आवाज! यादोराव कुंपणापलीकडून ओरडले, जवाई, थ्रेशर चालू केलं का जी? त्यांच्या गायीचं दूध ते ओमेश्वरीसाठी रोज आणून देतात. चांगला माणूस आहे, फक्त बोलतो जास्त.

अंगाची कातडी सुटते आहे, पापुद्रे निघतात. विचारलं, तर सगळ्यांचेच निघतात. झोपेत मध्येच हसतो. सगळेच हसतात. मध्येच दचकून दोन्ही हात वर फेकतो. सगळेच फेकतात म्हणे. मला काहीही विचित्र वाटलं की ते सगळ्यांचंच असतं. मग मी विचारणं सोडलं.

ओमेश्वरी झोपत नाही. बोटांवर दिवस मोजते. आज तिसरा.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज जे केलं ते मला पटलेलं नव्हतं. तरी केलं. नीट लिहून ठेवतो.

काल दुलारीबाईंनी मला समोर बसवून समजावलं. ज्या घरी लेकरं जगत नाहीत तिथे पाचव्या दिवशी बापाने लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. टाकून दिल्यासारखं. पाठ फिरवून निघायचं, वळून बघायचं नाही. सुईण तिथेच उभी असते. ती उचलते, सापडलं गा सापडलं, करत पुढच्या दारी येते. घरची बाई तिला सूपभर तांदूळ देऊन लेकरू मागून घेते. मग ते आपलं राहत नाही. त्याचं नाव उकंड्या ठेवायचं. ज्याला न्यायचं असतं तो या घरचं लेकरू शोधत बसतो आणि त्याला ते सापडत नाही.

अट एकच. सुईण समोर दिसल्याशिवाय लेकरू खाली ठेवायचं नाही. तुमची नजर तिच्या नजरेला लागली पाहिजे, मग हात सोडायचे. उकिरड्यावर ते एका श्वासापुरतंही एकटं राहू नये.

मी विचारलं, मग आधीच्या दोघांच्या वेळी काऊन नाही केलं? त्या म्हणाल्या, तवाचे जवाई शिकलेले होते.

तर आज दुपारी. गावात आज मंडईचा दिवस, दिवाळीनंतरची जत्रा. सकाळपासून आसपासच्या गावांची माणसं चालली होती, दंडारीची, म्हणजे सोंगं घेऊन नाचणाऱ्यांची, मंडळी ढोलक वाजवत आमच्या वाडीमागच्या पायवाटेने गेली. मी बाळाला सुपात घेतलं. वाडीत उकिरड्याजवळ आलो. सुईण सुशिलाबाई तिथे नव्हती. थांबलो. ढोलक जोरात वाजायला लागलं. तुरीच्या रांगेमागे काहीतरी हललं, वाटलं तीच आहे, लाजून मागे उभी आहे. सूप खाली ठेवलं. निघालो. वळून पाहिलं नाही, तेवढं पाळलं.

आणि मग फाटकातून घरात न जाता मी बाहेर गेलो. दंडार बघायला. पाच मिनिटं.

परत आलो तेव्हा पुढच्या दारी सुशिलाबाई लेकरू घेऊन उभी होती आणि दुलारीबाई तिच्या ओटीत तांदूळ घालत होत्या. सगळं बरोबर झालं. सुशिलाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. दुलारीबाईंनी विचारलं, नजर लागली होती ना जी? मी म्हटलं, हो.

पाच मिनिटं नव्हती. पंधरा असतील.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सहावा दिवस, छठी. काही झालं नाही! बाळ जिवंत आहे, ठणठणीत आहे. दुलारीबाईंनी पोळ्या केल्या, डोळे पुसत पुसत केल्या.

आणि रडत नाही. कालपासून एकदाही नाही. यादोराव म्हणाले, नशीबवान हा जी तुमी, माह्यावालं सहा महिने बोंबललं. नाळेचा देठही पडला, पाचव्याच दिवशी. दुलारीबाई तो पुरण्यासाठी शोधत होत्या, सापडला नाही. नर्सबाई आठ-दहा दिवस म्हणाल्या होत्या, पण लवकरही पडत असेल.

ओमेश्वरी म्हणाली, जड लागते जी. मीही उचलून पाहिलं. जड आहे. दूध लागलं अंगी, मी म्हटलं.  ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली, आणि मग त्याला एवढं घट्ट छातीशी धरलं की मलाच श्वास कोंडल्यासारखं झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेरू मेला.

दुपारी सगळं गाव धान कापायला बांध्यांत होतं. दुलारीबाई आणि मीही गेलो होतो. ओमेश्वरी घरात आडवी, बाळ ओसरीवर साडीच्या झोळीत, झोळीखाली शेरू. आम्ही आलो तर शेरू तिथेच पडलेला, आणि त्याचा जबडा फाडलेला होता. वरचा इकडे, खालचा तिकडे, कानापर्यंत. जीभ नव्हती. रक्त ओसरीभर, भिंतीवर हात-हात उंच. झोळीच्या कापडावर एक थेंब नव्हता.

ओमेश्वरीला डोळा लागला होता. म्हणाली, भुंकला नाही.

यादोराव आले, पाहिलं, बिबट म्हणाले. या जंगलात बिबट आहेत हे खरं. पण बिबट कुत्रा घेऊन जातो, जबडा उघडून ठेवून जात नाही. मी हे बोललो. यादोराव म्हणाले, तुमी ट्रकवरचे, तुमाले बिबटाचं काय समजते. बरोबर आहे. मी शेरूला खड्डा करून पुरलं. 

बाळ झोळीत जागं होतं. मूठ चोखत होतं. मला बघून हसलं. जागेपणी पहिल्यांदा हसलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ओमेश्वरीला ताप. तिच्या अंगावर जखमा झाल्या आहेत. पाजते तिथे. चोळीला रक्त लागून वाळलेलं असतं, ती लपवते. मी आज पाहिल्या. दोन्हीकडे अर्धगोल, खोल. मी तिला विचारलं हे काय, तर म्हणाली पहिल्या-पहिल्यांदा होतेच.

आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे एकटा जाऊन विचारलं. त्यांनीही सांगितलं, होतं, नवीन आईला चिरा पडतात, मलम लावा, बाळाला नीट धरायला शिकवा. मी म्हटलं, दातांसारखे दिसतात. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, नऊ दिवसांच्या बाळाला दात?

मी पण हसलो. परत येताना वाटेत एक गारुडी बसला होता, नाग दाखवत होता. थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा थांबलो नसेन.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुशिलाबाईचे दोन्ही हात मोडले.

ती रोज सकाळी अकराला येते, तेल लावून बाळाला न्हाऊ घालते, ओमेश्वरीला शेक देते. मी विहिरीवर होतो. आधी लाकूड मोडल्यासारखा आवाज, मग अजून एक, मग ती किंचाळली. धावलो. ती न्हाणीत पाय पसरून बसलेली, नेहमी बसते तशी, बाळ पायांवर पालथं. तिचे हात मनगटापासून उलट्या बाजूला वळलेले होते. एका हाडाचं टोक कातडीबाहेर. ती बाळाकडे बघून मागे सरकायचा प्रयत्न करत होती, हात टेकता येत नव्हते, तेलात घसरत होती.

मी बाळाला उचललं. तेलकट, ऊन, जड. त्याने माझं बोट धरलं.

यादोरावांनी ट्रॅक्टर काढला. सुशिलाबाईला ट्रॉलीत बाजेवर ठेवलं. मी सोबत चढलो, तर तिने मला वाकायला सांगितलं आणि कानात बोलली. म्हणाली, जवाई, तुमी ठेवलं तवा मी नव्हती. मी आली तवा तुमी नव्हते. सूप उपडं पडलं होतं. लेकराच्या अंगावर धागा नव्हता, मातीनं भरलं होतं. मले मंडईत उशीर झाला, म्या भेवानं सांगितलं नाही. पुसून आणलं.

मी विचारलं, हात कोणी मोडले? तिने तोंड फिरवलं. ट्रॉली चालू झाली.

अर्धा तास. मी अर्धा तास दंडार पाहिली त्या दिवशी. दंडारीत एकाने बाईचं सोंग घेतलं होतं, फार हसलो होतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुलारीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मारलं मला. चुलीतलं लाकूड घेऊन, पाठीवर, दंडावर. मी मार खाल्ला. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या आणि तिच्या मंधात कोणीतरी उचललं. उचलून खाली ठेवलं. जो पहिले उचलते त्याचं असते. आता ते मागायले येऊन रायलं. कुत्रा आडवा आला, त्याले फाडलं. सुशिलानं हात लावले, तिचे हात मोडले. घेतल्याबिगर जात नाही.

मी म्हटलं, मग माझं काहीच कसं झालं नाही? त्या म्हणाल्या, तुमी तर दिलं ना जी त्याले.

आता ठरलं आहे. बाळाला एकटं सोडायचं नाही. कोणी ना कोणी सोबत, खोलीत, आतून कडी लावून. मी आज खिडकीला फळ्या ठोकल्या. दाराच्या कडीला नवे खिळे मारले. कुऱ्हाडीला धार लावली. मी कुठेही जाणार नाही. बाहेर हत्ती आला तरी नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुलारीबाई गेल्या.

ओमेश्वरीच्या जखमा चिघळल्या होत्या, मी तिला सायकलवर बसवून उपकेंद्रात नेलं. जाऊन यायला दीड तास. दुलारीबाई बाळाला घेऊन खोलीत, आतून कडी. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला, मगच निघालो.

परत आलो. हाक मारली. दार उघडेना. धक्के मारले. माझेच खिळे, दार हललं नाही. यादोराव आले, शिडी लावली, आम्ही दोघांनी छपरावरचे मातीचे कवेलू काढले आणि मी आत उडी मारली.

मसाला वाटायच्या पाट्याजवळ त्या पडल्या होत्या. चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी जे होतं ते पाट्यावर, वरवंट्यावर, जमिनीवर. पांढरे केस पाट्याला चिकटलेले. एक हात कडीकडे लांब केलेला.

बाळ पाळण्यात. मूठ चोखत.

पोलीस येऊन गेले. चक्कर येऊन पडली, डोकं पाट्यावर आपटलं, असं लिहून नेलं. पडलेला माणूस एकदा आपटतो. मी मोजलं नाही, पण एकदा नव्हतं.

मागायला येणारं ते जे काही आहे, ते वरून आलं असणार. कवेलू काढून. दुसरीकडून येणार कुठून?

आम्ही चढलो तेव्हा कवेलू एकही सरकलेला नव्हता. आम्हीच काढले. यादोरावांनी मला दोनदा विचारलं, कवेलू जागेवर होते ना जी? मी शिडी उचलून ठेवली.

१९ नोव्हेंबर

सासूबाईंना जाळून आलो. गाव आलं, पण फाटकाच्या आत कोणी आलं नाही. ओमेश्वरी रडली नाही. बाळाला घेऊन बसली होती. ते आजीच्या चितेकडे निघालेल्या माणसांकडे एकेकाकडे बघत होतं. तेरा दिवसांचं मूल असं मान धरून बघतं का?

सगळेच बघतात. बघत असतील. मी पहिल्यांदाच बाप झालो, मला काय माहीत.

२० नोव्हेंबर

माझ्या हातून झालं.

दुपारी तीन. ओमेश्वरी तापात ग्लानीत. मी दाराशी, कुऱ्हाड मांडीवर. दोन मिनिटं न्हाणीत गेलो. परत आलो तर पाळण्यावर कोणीतरी वाकलेलं, पाठमोरं, हातात बारदान. पाळण्याच्या काठावर हात.

मी मारली.

यादोराव होते. उजव्या हाताची चार बोटं पाळण्यात पडली. अंगठा तेवढा राहिला. ते ओरडले नाहीत. हाताकडे बघत खाली बसले. रक्त पिचकारीसारखं. मी गमछा बांधायला गेलो तर त्यांनी ढकललं. म्हणाले, जवाई, दार अंदरून बंद होतं. कवेलू जागेवर होते. त मंग अंदर कोण होतं जी? बुढी आणि कोण होतं? नाव तर घ्या.

मी म्हटलं, चालते व्हा.

म्हणाले, बारदानात घालून नदीत सोडायले आलो होतो म्या. तुमाले नाही होत तर मले करू द्या. ओमेश्वरी माह्या पोरीसारखी हाय.

माझा मुलगा आहे तो. मी पुन्हा कुऱ्हाड उचलली. ते गेले.

त्यांच्या भावांनी ओरडून सांगितलं, उद्या पोलीस घेऊन येतो. येऊ देत.

पाळण्यात तीन बोटं होती. चार पडली होती. मी नीट शोधलं. खाली नाही. गोधडीत नाही.

बाळाचं तोंड हलत होतं.

नाही. हे मी लिहिलं नाही.

२१ नोव्हेंबर, दुपार

ओमेश्वरी बाळाला घेऊन खोलीत. आतून कडी तिने लावली. बाहेरून मी कुलूप, तिनेच लावायला सांगितलं. म्हणाली, कोणी म्हणून अंदर येऊ देऊ नका, माह्ये दोन गेले, हा नाही देत मी. मी ओसरीवर बसलो आहे. पोलिसांची वाट बघतो. जे दिसेल ते तसंच लिहिणार, आले की वही पुढे करीन. माझ्या तोंडच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील.

गाणं म्हणते आहे आतून. आवाज बारीक झाला आहे.

विचारलं, पितो का? म्हणाली, पितो.

मग थोडं थांबून — दूध सरलं जी. तरी पितो.

मी म्हटलं, त्याला खाली ठेव, थोडा वेळ झोप. ती म्हणाली, तुमी भेऊ नका. मी त्याले ओळखलं. पहिल्याच दिवशी ओळखलं, सुशिलानं उकिरड्यावरून आणला तवाच. हा माहा थोरला हाय. मोहाखालचा. मातीचा वास येते त्याले अजून. थकून आला बिचारा, भुकेला हाय.

ताप आहे तिला. तापात माणूस काहीही —

फाटक वाजलं.

पोलीस नाहीत. बाई आहे एक. वाळलेली, पायांत चप्पल नाही, पोटाशी काहीतरी बांधलेलं. ओळखीची नाही. गावातली नाही.

कुऱ्हाड दाखवली. पळत नाही. रडते आहे. पाया पडते आहे.

छत्तीसगढी मिसळलेलं हिंदी बोलते. विटाभट्टीवर जाणाऱ्या टोळीतली. मंडईच्या दिवशी मागच्या पायवाटेने चालले होते, म्हणते. उकिरड्यावर सुपात लेकरू, जवळ कोणी नाही, रडत होतं. फेंक दिए हैं समझके उठा ली भैया. तिचं स्वतःचं महिन्यापूर्वी गेलं, अंगावर दूध होतं. काल भट्टीवर कोणीतरी सांगितलं की इकडची माणसं असं ठेवतात आणि परत घेतात. म्हणून आली. मिळेल त्या गाडीने. माफ करा म्हणते —

पोटाशी बांधलेला पदर सोडला तिने.

माझा आहे.

कसा ओळखला माहीत नाही. रडतो आहे. अकरा दिवसांत या घरात कोणतं लेकरू रडलं नव्हतं आणि मी म्हणत होतो नशीब —

मग अकरा दिवस आम्ही कोणाला —

आतलं गाणं थांबलं.

किल्ली. किल्ली कमरेला होती —

ओमेश्वरी, त्याला खाली ठेव. कडी काढ. ऐक, आपला इथे आहे, बाहेर आहे, आपला इथे —